‘तुमच्यात’ हा शब्द फाटकाबाहेर ठेव

एका बी.एड. करणाऱ्या मुलीने मला प्रश्न विचारला आहे, तो थोडक्यात असा: बी.एड.चं दुसरं वर्ष, मराठी आणि इतिहास या अध्यापन पद्धती (म्हणजे शिकवायचे विषय), गाव भुदरगड तालुक्यात. आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाच्या, यादीत कोल्हापूर शहरातली मुस्लिम संस्थेची शाळा वाट्याला आली आहे. उर्दूचं एक अक्षर येत नाही. घरचे म्हणतात, कॉलेजात अर्ज दे आणि शाळा बदलून घे. साडी चालेल का, टिकली लावायची का, डब्यात काय न्यायचं, रमजानात पाणी प्यायचं का, अफझलखानाचा पाठ आला तर काय करायचं, मुलं ऐकतील का... आणि शेवटी, ‘तिथला एक दिवस नेमका कसा असतो ते कुणी सांगेल का?’

मी सांगते. अशाच एका शाळेत मी 24 वर्षं मराठी शिकवते आहे. दरवर्षी दोन-तीन छात्राध्यापक, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी, माझ्या वर्गावर पाठ घ्यायला येतात आणि त्यांच्या पाठटाचणांवर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यांवर, मी सह्या करते. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझे प्रश्न मी दोनदा वाचले. जवळजवळ सगळे ‘मी कशी वागू’ याचे आहेत. त्या मुलांना मराठी कुठे अडतं, हे एकाही ठिकाणी विचारलेलं नाही. तुझी खरी अडचण मला तिथे दिसते. वागण्याचं दोन दिवसांत जमतं. पाठ मात्र चुकीच्या वर्गासाठी तयार केलास तर आंतरवासितेचे चारही महिने वाया जातात, आणि मग ‘मुलं ऐकत नाहीत’ याचं खापर मुलांच्या धर्मावर फुटतं. असं होताना मी पाहिलं आहे.

आधी काय कशावर अवलंबून आहे ते सांगते. मुस्लिम संस्थेची शाळा म्हणजे उर्दू माध्यम, हे गृहीत धरू नकोस. आपल्याकडे अशा संस्थांच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत. मराठी माध्यमाच्या शाळांत बागवान, मुजावर, शिकलगार यांच्या बाकाशेजारी कांबळे आणि चव्हाणही बसलेले असतात. तेव्हा कॉलेजात अर्ज द्यायच्या आधी शाळेत एक फोन कर आणि माध्यम विचार. मराठी असेल तर तुझी निम्मी काळजी तिथेच संपली. उर्दू असेल तर मराठीचे पाठ तू उत्तम घेऊ शकतेस, पण इतिहासाचे नाही, कारण तिथे इतिहास उर्दूतून शिकवतात. ही अडचण खरी आहे. त्यासाठी शाळा बदलून मागण्यापेक्षा इतिहासाचे पाठ दुसऱ्या शाळेत घेऊ द्या, असं मार्गदर्शक प्राध्यापकांना सांग. विज्ञान किंवा गणिताच्या छात्राध्यापकांना मीही हेच सांगते. ‘घरचे नको म्हणतात’ हे कारण मात्र अर्जात लिहू नकोस.

घरच्यांबद्दल. मी स्वतः 1990 च्या दशकात छात्राध्यापिका म्हणून अशा शाळेत पहिल्यांदा गेले, तेव्हा माझे वडील दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर एसटीने आले, मुख्याध्यापकांना भेटले आणि ऊसबिलाच्या गप्पा मारून परतले. मुख्याध्यापकांची शेती आमच्या शिवेपासून सात-आठ मैलांवर होती. तुझ्याही वडिलांना एकदा घेऊन जा, मी आणखी समजावत बसणार नाही. पण हेही त्यांच्या कानावर घाल की दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग 1906 सालचं आहे. शाहू महाराजांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढायला लावली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. ज्या राजाने 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच राजाने लावलेलं हे रोप आहे. आपल्या गावाच्या शिक्षणाच्या इतिहासात या शाळा बाहेरून आलेल्या पाहुण्या नाहीत.

आता मराठीचा पाठ. उर्दू माध्यमात मराठी ही दुसरी भाषा असते. पाठ्यपुस्तक बालभारतीचंच, पण वेगळं. मराठी माध्यमाच्या नववी-दहावीला कुमारभारती, इथे अक्षरभारती. त्याखालच्या इयत्तांना सुलभभारती. दरवर्षी एक तरी छात्राध्यापक मराठी माध्यमाचं पुस्तक आणि मैत्रिणीचं जुनं टाचण घेऊन येतो. रसग्रहण, अलंकार, कवीचा परिचय असा अर्धा तास बोलतो. मुलं गप्प असतात. त्याला वाटतं शिस्त आहे. तसं नसतं, मुलांचा धागा पहिल्या पाच मिनिटांत सुटलेला असतो.

आपल्या कोल्हापूरच्या या मुलांच्या कानावर मराठी पाळण्यापासून असते. गंगावेशीत भाजी घेताना, केएमटीच्या बसमध्ये, तालमीच्या कट्ट्यावर ती आपल्यासारखंच ‘काय भावा’ म्हणतात. घरी दख्खनी बोलतात, आणि दख्खनीत मराठी इतकी मुरली आहे की वेगळी काढता येत नाही. ‘मेरेकू नक्को’ यातला नक्को आपला ‘नको’. ‘मैंच करती’ यातला च आपल्या ‘मीच’मधला. म्हणजे मुलाला बोली मराठी येते. अडतं ते लिहिताना, आणि सगळीकडे अडत नाही, ठरावीक जागी अडतं. या जागा तुला आधीच ठाऊक असतील तर तू पहिल्या आठवड्यापासून शिक्षिका असशील.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे नपुंसकलिंग. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. किताब स्त्रीलिंगी, म्हणून मूल लिहितं ‘माझी पुस्तक’. घर, पानी, दूध उर्दूत पुल्लिंगी, म्हणून ‘माझा घर’, ‘गार पाणी आला’. तू लाल शाईने गोल करत राहिलीस तर मुलाला वाटतं मराठीत सगळंच लहरीवर चालतं. त्यापेक्षा एक तक्ता कर. त्यावर फक्त रोजचे नपुंसकलिंगी शब्द: घर, पुस्तक, पाणी, दूध, झाड, दार, नाव, गाव, दप्तर. वर्गात लाव आणि महिनाभर काढू नकोस. दरवाजा, खिडकी, रोटी यांच्याकडे वळूही नकोस, तिथे मुलं चुकत नाहीत.

दुसरी जागा ‘ने’. ‘मैंने रोटी खाई’ यावरून ‘मीने भाकरी खाल्ली’. तिसरी ‘कल’. उर्दूत कालही कल आणि उद्याही कल, त्यामुळे ‘मी काल मामाकडे जाणार आहे’ असं वाक्य हमखास येतं. चौथी ळ आणि ण. ‘शाला’, ‘पानी’. हे कानाने शिकवायचं, नियमाने नाही. ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘मळा’ आणि ‘मला’, ‘मन’ आणि ‘मण’. अशा जोड्या म्हणून घे. मुलं हसतात आणि पक्कं लक्षात ठेवतात.

पाचवी जागा मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यावर एक आख्खा तास उभा राहतो. प्रस्तावना म्हणून फळ्यावर सहा शब्द लिही: दप्तर, कागद, शाई, खुर्ची, तारीख, हजेरी. विचार, यातले तुमच्या घरातले शब्द कोणते? थोड्याफार फरकाने सगळे, असं उत्तर येईल. मग विचार, यातले मराठी कोणते? वर्ग क्षणभर थांबतो आणि मग एकदम ओरडतो, ‘तेच!’ फारसी-अरबीतून आलेले हे शब्द आपण इतक्या पिढ्या वापरतो आहोत की ते कुणा एकाचे राहिलेले नाहीत. त्यानंतर उलटा डाव: खाली, सही, शिक्षा. उर्दूत खाली म्हणजे रिकामं, मराठीत म्हणजे जमिनीकडे. सही म्हणजे तिथे बरोबर, इथे स्वाक्षरी. आणि हिंदीच्या तासाला ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीच्या तासाला ‘शिक्षा’ म्हणजे अंगठे धरून उभं राहणं. दरवर्षी नवे शब्द मुलंच आणून देतात. हेतुकथन, विषय विवेचन, उपयोजन, टाचणातल्या या सगळ्या पायऱ्या यात बसतात. निरीक्षक प्राध्यापकांना काही कमी वाटणार नाही.

आता माझी एक चूक सांगते. ती अजून टोचते. माझा तिथला पहिला पाठ पाककृतीच्या एका उताऱ्यावर होता. पूर्वज्ञान जागृतीसाठी मी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, ‘तुमच्यात कांदेपोहे करतात का गं?’ ती उठली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, ‘करतात ना बाई. तुमच्यात कसे करतात?’ वर्गात कुणी हसलं नाही. मला घाम फुटला. तिने उद्धटपणा केला नव्हता. मी विचारलेलाच प्रश्न तिने मला विचारला होता, आणि तो ऐकताना कसं वाटतं ते मला पहिल्यांदा कळलं.

आपल्या भागात ‘आमच्यात’, ‘तुमच्यात’ हे शब्द येता-जाता तोंडात येतात. लग्नाच्या बोलण्यात, जेवणाच्या पंगतीत त्यांत वाईट काही नसतं. पण वर्गात शिक्षकाने ‘तुमच्यात’ म्हटलं की पंचेचाळीस मुलं एका गठ्ठ्यात बांधली जातात आणि शिक्षक बाहेर उभा राहतो. त्याच चालीचं दुसरं वाक्य म्हणजे ‘तुमचं मराठी किती छान आहे!’ आपल्याला ते कौतुक वाटतं. कोल्हापूरच्या बिंदू चौकात जन्मलेल्या मुलाला ते कसं ऐकू जाईल याचा विचार कर. कौतुक कर, पण नेमक्या गोष्टीचं: ‘तू ‘मळा’ अगदी स्वच्छ म्हटलंस.’ मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, उर्दूत दोन्हीला ‘हम’. हा फरक मुलांना शिकवावा लागतो. शिकवताना तू स्वतः ‘आपण’ किती वेळा म्हणतेस ते टाचणाच्या कडेला मोजून ठेव. मी पहिल्या वर्षी खरंच मोजत होते.

दिवस कसा असतो, हे विचारलं आहेस. आमच्याकडचं सांगते, शाळेगणिक बदलतं. परिपाठाच्या पंधरा मिनिटं आधी पोहोच. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि दुआ, म्हणजे प्रार्थना, असते. दुआच्या वेळी शांत उभं राहायचं, एवढंच. हात उचलायची गरज नाही, आणि कुणी तसं म्हणणारही नाही. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही, हे संविधानाच्या कलम 28 मध्येच आहे. मुलं ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणतील. ‘वालेकुम अस्सलाम’ म्हण, किंवा हसून नमस्कार म्हण. दोन्हीने मुलं खूश असतात.

वर्गात गेल्यावर फळ्याकडे बघ. आधीच्या तासाला उर्दूचं लेखन उजवीकडून डावीकडे झालेलं असतं, तारीखही उजव्या कोपऱ्यात. पुसण्याआधी विचार, ‘उतरवून झालं का?’ वह्यांचंही तसंच. उर्दूची वही आपल्या दृष्टीने शेवटच्या पानापासून सुरू होते, त्यामुळे एकाच वहीत एका बाजूने उर्दू आणि दुसऱ्या बाजूने मराठी असं काही मुलं करतात. ‘वही उलटी धरलीस’ म्हणून ओरडू नकोस.

तास बहुधा पस्तीस मिनिटांचा, शुक्रवारी त्याहून लहान, कारण जुम्म्याच्या नमाजासाठी वेळापत्रक आखडतं. शुक्रवारचं टाचण वीस मिनिटांचंच काढ. मधल्या काळात ऑफ तास, म्हणजे शिक्षक गैरहजर असलेले तास, येतील आणि मुख्याध्यापक हमखास तुला पाठवतील. छात्राध्यापक त्यावर कुरकुरतात. मी म्हणते ऑफ तास मागून घे. टाचण नाही, निरीक्षक नाही, मागच्या बाकावर मूल्यमापनाची वही घेऊन कुणी बसलेलं नाही. मुलं तिथे बोलतात.

साडी, टिकली, मंगळसूत्र, जे तुझं रोजचं आहे ते. मी 24 वर्षं टिकली लावून जाते. डब्यात शाकाहारी-मांसाहारी काय ते ज्याचं त्याने बघायचं, शिक्षक खोलीत सगळे डबे एकत्र उघडतात आणि आंबाड्याची भाजी आधी संपते.

रमजानाबद्दल जरा सविस्तर, कारण तिथे चांगल्या मनाची माणसं चुकतात. इस्लामी महिने चांद्र असतात, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 2025 मध्ये तो जवळजवळ पूर्ण मार्चभर होता. तुझ्या आंतरवासितेत येतो का ते आधी बघ. आला तर बऱ्याच शाळा सकाळच्या होतात. तू पाणी पी, लपून पिऊ नकोस आणि वर्गात मुलांसमोर बाटलीही उघडू नकोस. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: भर वर्गात ‘आज रोजा कुणाकुणाचा?’ म्हणून हात वर करायला लावायचे नाहीत. आपल्याला ती आपुलकी वाटते. पण पाळीच्या दिवसांत मुली रोजा धरत नाहीत, आजारी मुलांना सवलत असते, लहानांवर बंधन नसतं. हात वर न करणाऱ्या आठवीतल्या मुलीला सगळ्या वर्गासमोर काय वाटेल? पाठाची आखणीही बदल. लिहिण्याचं काम आधीच्या तासांना, आणि शेवटच्या तासाला ओळीने प्रकट वाचन नको, घसे कोरडे असतात. तिथे तू वाच, मुलांनी ऐकायचं.

इतिहासाचा तास मराठी माध्यमात मिळाला आणि सातवीला शिवकाल आला, तर काय? आमच्याकडे एक छात्राध्यापक होता, मनाने फार चांगला. प्रतापगडचा प्रसंग त्याने अवघडून दहा मिनिटांत उरकला, मुलांची नजर चुकवत. मधल्या सुट्टीत दोन पोरं त्याच्यामागे धावली: ‘सर, वाघनखांचं चित्र दाखवायचं राहिलं!’ त्याने मुलांच्या मनात जे असेल असं धरलं होतं, ते तिथे नव्हतंच.

प्रसंग पूर्ण शिकव, रंगवून शिकव. शब्द फक्त अचूक वापर. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली जी फौज होती ती आदिलशाहीची. ‘मुसलमानांची फौज’ म्हणणं मुलांना दुखावतं, आणि इतिहास म्हणून ते चूकही आहे. अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, शिवाजी महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, आदिलशहाच्या चाकरीत मराठा सरदार होते. आपला पन्हाळाच घे. 1660 ला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर, आणि नेताजी पालकरांबरोबर तो वेढा फोडायला आलेला सिद्दी हिलाल. दोन्हीकडे सिद्दी. मुलांना यातून त्या काळचं राजकारण आपोआप कळतं. पण ही नावं मलमासारखी चोळू नकोस, ‘बघा, तुमचेही लोक होते’ अशा सुरात. तो सूर म्हणजे पुन्हा ‘तुमच्यात’च.

आंतरवासितेच्या फाईलसाठी फोटो लागतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेतल्याशिवाय वर्गाचा, विशेषतः मुलींचा, एकही फोटो काढू नकोस, आणि काढलेला स्टेटसला लावू नकोस. हे कुठल्याही शाळेत लागू आहे.

आणि ‘मुलं ऐकतील का’ याचं उत्तर: पहिला आठवडा नाही. कोल्हापुरातल्या कुठल्याच शाळेतली आठवी नव्या बाईंचं पहिल्या आठवड्यात ऐकत नाही. नावं पाठ झाली की ऐकतात. उर्दू माध्यमात हजेरीपत्रक उर्दूत असेल तर तुला ते वाचता येणार नाही, त्याची सोय पहिल्याच तासाला कर. जाड कागदाच्या पन्नास पट्ट्या कापून ने, मधोमध घडी घालून. प्रत्येकाने एका बाजूला आपलं नाव देवनागरीत लिहायचं, खाली उर्दूत, आणि बाकावर उभं करायचं. मग एकेकाकडे जाऊन नाव त्याच्याच तोंडून ऐक आणि तसंच म्हण, ‘ज’ आणि ‘ज़’ यांतला फरक चुकला तर पुन्हा विचार. पंचेचाळीस मुलांचं हस्ताक्षर, देवनागरी कुणाला किती जमते, ळ-ण कुठे अडतात, हे सगळं एका तासात तुझ्या हातात येतं. तास संपल्यावर त्यांना म्हण, आता माझं नाव उर्दूत लिहून द्या. फळ्यावर जी पोरगी सगळ्यात आधी धावत येईल, तिला खडू दे आणि कोणतं अक्षर काय ते तिच्याकडून शिकून घे.